शत्रूची अवस्था

“बैल कुणाचा?”

भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिलेल्या सरपंच पोपटराव जगदाळे यांचा पहिला प्रश्न हा होता. मी त्या भिंतीवर उतरवत होतो त्या जगप्रसिद्ध चित्रातला बैल म्हणजे नेमकं काय, यावर जगातल्या विद्वानांनी आजवर घागरीभर शाई सांडली आहे. पण तो कुणाच्या दावणीचा, हे विचारायचं त्यांच्यापैकी कुणाला सुचलं नसावं.

“कुणाचा म्हणजे?” मी शिडीवरूनच विचारलं.

“शिंगं खिलाराची वाटत्यात, पन तोंड खिलाराचं न्हाई. आन दोन्ही डोळं एकाच अंगाला. ह्यो बैल मैदानात उतरला तर नुसता गोल फिरंल.” मग त्यांची नजर मधल्या घोड्यावर गेली आणि चेहरा पडला. “सर, तुमी औंदाच्या शर्यतीचा देखावा काढलाय व्हय?”

आमच्या भागात तेव्हा गाडीला एका बाजूनं बैल आणि दुसऱ्या बाजूनं घोडा जुंपून शर्यत लावायची खोड होती. त्या वर्षी पोपटरावांची गाडी भर मैदानात उलटली होती आणि गाडीवानाचा हात मोडला होता. ती जखम ताजी होती. म्हणजे गाडीवानाची नव्हे, पोपटरावांच्या अब्रूची.

“ह्यो खाली उताना पडलाय तो आमचा शिदू गाडीवान. हात तुटल्याला बी दावलाय. हातात चाबूक हाय.”

“तलवार आहे ती.”

“मोडलेली दिसतीया.”

“मोडलेलीच आहे.”

“मग चाबूकच म्हना की!” ते वर बघत म्हणाले. “वर लाईट जळतोय आन तरी ही बाई खिडकीतनं कंदील घिऊन बाहीर आलीया. हे लोडशेडिंगचं तेवढं झ्याक दावलं. पन आमचा बैल काढून टाका. नाव काय म्हनला चित्राचं?”

“गेर्निका.”

“गिरणी का? हितं गिरणी कुठाय?”

“पोपटराव, तुमी गप बसा,” मागून आवाज आला, आणि पोपटराव खरंच गप बसले. कारण तो आवाज सुभेदार आनंदराव निकमांचा होता, आणि त्या आवाजापुढे आमच्या गावात कोंबडासुद्धा विचारून आरवत असे.

गावाचं नाव वेळेगाव मिलिटरी. हे मिलिटरी नाव गावाला इंग्रजांच्या काळात आडनावासारखं चिकटलं. पहिल्या महायुद्धात इथले इतके गडी कामी आले, की साहेबानं खूश होऊन चावडीसमोर बसवायला एक संगमरवरी दगड पाठवून दिला. माणसं नेली आणि दगड दिला. गावाला हा सौदा अजूनही आपल्या फायद्याचा वाटतो. तेव्हापासून पोरगं सतराचं झालं की भरतीला पळायचं, आणि म्हाताऱ्यांनी दगडाजवळ बसून ते किती वेगानं पळतं ते बघायचं, असा शिरस्ता पडला आहे. मी कोल्हापूरचा. चित्रकलेची पदविका घेऊन इथल्या हायस्कूलला ड्रॉईंग मास्तर म्हणून आलो, आणि इतक्या वर्षांत माझ्या कलेचा जो काही उत्कर्ष झाला तो शाळेच्या कंपाउंडवर ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ लिहिण्यात झाला.

तर कारगिलच्या लढाईला वर्ष उलटून गेल्यावर गावानं हुतात्मा सभागृह बांधलं. सभागृहाच्या रस्त्याकडच्या भिंतीवर काहीतरी भव्य हवं होतं. सुभेदार सलूनमध्ये दाढी करायला बसले असताना त्यांच्या गळ्याभोवती रविवारच्या पुरवणीचा कागद होता. त्या कागदावर मथळा होता, ‘युद्धावरचे जगातले सर्वांत थोर चित्र’. खाली काडेपेटीएवढा काळपट फोटो, आणि त्यावर साबणाचा फेस. सुभेदारांनी अर्ध्या दाढीनं उठून तो कागद माझ्याकडे आणला.

यात सुभेदारांचा दोष नाही, मराठी भाषेनं त्यांना दगा दिला. राजांवरचा पोवाडा म्हणजे राजांच्या कौतुकाचा, देवावरचा अभंग म्हणजे देवाच्या स्तुतीचा; तेव्हा युद्धावरचं चित्र म्हणजे युद्धाच्या गौरवाचं, असं त्यांनी सरळ मनानं धरलं. बाकी चित्र कशाचं आहे हे त्या फोटोत साक्षात चित्रकारालासुद्धा ओळखू आलं नसतं.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही.

“सुभेदारसाहेब, चित्र युद्धावरचं आहे खरं, पण ते युद्धाच्या बाजूचं नाही.”

“बाजू म्हंजी? लढाईला बाजू दोनच. एक आपली, एक दुश्मनाची. ह्यातली कुठली?”

“ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्यांची.”

“मग सरळ सांगा की. आपन टाकलं आन त्यानं खाल्लं. म्हंजी दुश्मनाची दैना दावलीया!” सुभेदारांचा चेहरा उजळला. अर्धाच, कारण उरलेल्या अर्ध्यावर फेस होता. “उत्तम. खाली ठळक लिवा, ‘शत्रूची अवस्था’.”

“अहो, पण ते गाव...”

“सर, तुमी रंग लावा. अर्थाचं आमी बघतो.”

आता पंधरा वर्षं जो माणूस भिंतींना ‘साक्षर व्हा’ सांगतोय, त्याच्यापुढे कुणी सभागृहाएवढी कोरी भिंत आणि जगातलं सगळ्यात थोर चित्र एकदम ठेवलं, तर तो काय भिंतीला नाही म्हणणार? मी कॉलेजातलं जुनं पुस्तक काढलं, त्यातल्या चित्रावर चौकटी आखल्या, तशाच मोठ्या चौकटी भिंतीवर आखल्या आणि शिडी लावली.

मी भाड्यानं राहायचो ते अनसाक्काच्या घरी, पुढच्या सोप्यात. तिचे मालक तरुणपणीच वारलेले, एकुलता एक मुलगा धनाजी. धनाजी कारगिलहून तिरंग्यात गुंडाळून आला. त्या दिवशी गाडीतून पेटी उतरवताना अनसाक्कानं तोंड उघडलं, आणि आवाज फुटायच्या आत सुभेदारांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “अनसावैनी, तुमी आता वीरमाता. वीरमाता रडत नसती. जग बघतंय.” जग म्हणजे एक कॅमेरावाला आणि दोन वार्ताहर. अनसाक्कानं तोंड मिटलं आणि जे वर आलं होतं ते गिळलं.

ते तिथंच अडकलं. त्या दिवसापासून तिच्या घशाखाली भाकरी उतरेना. घास तोंडात घ्यायची, चावत राहायची, शेवटी उठून परड्यात जाऊन टाकायची. साताऱ्याच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, घशात काहीच नाही म्हणाले. दीड वर्षं बाई नुसत्या आंबिलावर होती. अंगावरची चोळी ढिली झाली, हातातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत चढू लागलं. त्या डिसेंबरात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “असंच चाललं तर ह्यांना शिमगा दिसायचा नाही.”

गावाला मात्र तिचा फार अभिमान. ‘बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही!’ हे वाक्य गावातल्या प्रत्येक भाषणात असे. शिवाय सुभेदारांनी तिच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: ‘मला आणखी एक मुलगा असता, तर तोही देशाला दिला असता.’ हे वाक्य तिनं तहसील कचेरीत म्हटलं, जिल्ह्याला म्हटलं, इतकंच काय, साखर कारखान्याच्या मोळीपूजनालाही म्हटलं. दरवेळी टाळ्यांचा कडकडाट, शाल, श्रीफळ. घरी आली की शाल ट्रंकेत ठेवायची, नारळ मला द्यायची. “तुमीच खावा सर, माज्या घशाखाली उतरत न्हाई.” तिच्या हौतात्म्याचं खोबरं मी दीड वर्ष चटणीत खाल्लं.

तर सरपंच आणि सुभेदारांच्या सभागृह समितीची ती पाहणी झाली. बैल दुश्मनाचा आहे असं ठरल्यावर पोपटरावांची हरकत मिटली. तरी शिंगांना हिंगूळ लावा, बेंदराला लावतो तसा, जरा उठाव येईल, असं त्यांनी सुचवलं. सुभेदारांनी ते फेटाळलं. “दुश्मनाला रंग कशाला? काळापांढराच ऱ्हाऊ द्या.” चित्र काळं-पांढरं ठेवण्यामागचं जे कारण शंभर समीक्षकांना समजावून सांगता आलं नसतं, ते सुभेदारांनी असं एका वाक्यात निकालात काढलं.

ते गेल्यावर दुपारी अनसाक्का मला चहा घेऊन आली. किटली खाली ठेवून भिंतीकडे बघत उभी राहिली. बैल बघितला, घोडा बघितला. मग डाव्या कोपऱ्यात, बैलाच्या तोंडाखाली, मांडीवर मेलेलं मूल घेऊन मान मागे टाकलेली बाई आहे, तिच्यापाशी थांबली. मला वाटलं, आता चहा गार होणार.

“ही कोन?” तिनं विचारलं.

“आई आहे.”

“लेकरू गेल्यालं हाय.”

“हो.”

“कशानं?”

“गेर्निका म्हणून गाव आहे, स्पेन देशात. बाजारचा दिवस होता. विमानं आली आणि बॉम्ब टाकून गेली.”

“बाजारला आलेली मानसं,” ती स्वतःशीच म्हणाली. मग म्हणाली, “सुबेदार म्हनत्यात, ही दुश्मनाची बाई हाय.”

“त्यांचं काही ऐकू नका, अक्का.”

“न्हाई, बरुबर असंल. दुश्मनाचीच असनार.” अनसाक्कानं पदर खांद्यावरून पुढे ओढला. “रडतीया न्हवं.”

मी ब्रश डब्यात बुडवला आणि तसाच ठेवला.

“हिची जीब अशी आरीवानी टोकदार का काढली?”

“ओरडतेय ना ती. तो आवाज दिसावा म्हणून.”

“हिला कुनी गप म्हनलं न्हाई?”

“नाही.”

“हिच्या गावात सुबेदार न्हवता,” अनसाक्का म्हणाली. ती विनोद करत होती की काय, मला तिच्या तोंडाकडे बघून कळेना. मग तिनं बोटानं बैल दाखवला. “ह्यो बघा, डोक्यावर हुबा हाय तरी गप. बैल गप, आन बाई हंबरतीया.”

एवढं बोलून ती किटली उचलून गेली. चहा ओतायचा राहिलाच. मला मात्र शिडीवर बसल्या बसल्या कळलं, की हंबरतात गुरं, आणि पोटचं गेलं की बाई फोडते तो हंबरडा; हा शब्द माझ्या भाषेत जन्मापासून होता आणि ते पुस्तक मी उगाच इंग्रजीत वाचत होतो. त्या दिवशी मी त्या बाईचं तोंड पुसून पुन्हा काढलं, पहिल्यापेक्षा मोठं.

सव्वीस जानेवारीला अनावरण. पालकमंत्री येणार म्हणून रस्त्यावर मांडव, कमान, आणि तालुक्याहून लग्नातला बँड. चित्रावर हिरवी सॅटिन ओढलेली. खाली माझ्याच हातची लाल अक्षरं: ‘शत्रूची अवस्था’. पडद्याची दोरी वीरमातेनं ओढायची, मग माइकवर येऊन ते वाक्य म्हणायचं, मग बँड, मग मंत्र्यांचं भाषण, असं सुभेदारांनी आखलं होतं. सकाळी त्यांनी तिची रंगीत तालीमही घेतली. मी सोप्यातून ऐकत होतो.

“दिला ‘असता’. आवाज पडू देऊ नका, वैनी. शेवटाला आवाज वर.”

“घसा दुखतुया.”

“एकदाच म्हनायचं हाय.”

मंत्री आले ते रीतीप्रमाणे उशिरा. अनसाक्कानं दोरी ओढली, सॅटिन घसरली. बऱ्याच लोकांना वाटलं, अजून रंग द्यायचा राहिलाय. मंत्र्यांनी मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलती करून पाहिली.

“हे काय आहे?”

“साहेब, शत्रूची अवस्था,” सुभेदार ताठ उभे राहून म्हणाले.

“वा! फारच वाईट अवस्था केली आहे,” मंत्री म्हणाले, आणि ते नेमके शत्रूबद्दल म्हणाले की भिंतीबद्दल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अनसाक्का माइकपाशी आली. नऊवारी, डोक्यावर पदर, हाताच्या नुसत्या काटक्या. समोर बायकांची बैठक. आमच्या गावात विधवांना आणि पोर गमावलेल्या आयांना लढाईच्या सालावरून नाहीतर ठिकाणावरून ओळखतात, ही पासष्टची कोंडाबाई, ही एकाहत्तरची शेवंताबाई, ही शांतिसेनेत नवरा गमावलेली लंकेची सुली. सगळ्या पुढच्याच सतरंज्यांवर बसवल्या होत्या, फोटोत याव्यात म्हणून.

“मला आनखी एक मुलगा असता,” अनसाक्का म्हणाली, “तर...”

आणि थांबली. सुभेदारांनी ओठांनी पुढचा शब्द पुरवला. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती माइकपासून वळली, सावकाश भिंतीपाशी गेली आणि डाव्या कोपऱ्यात त्या बाईसमोर उभी राहिली. मान उलटी पडलेल्या त्या लेकराच्या टाळूवर तिनं आपला हात ठेवला.

मग तिनं हंबरडा फोडला.

माइक दूर होता; पण त्या आवाजाला माइक लागत नव्हता. कमानीवरची कबुतरं उडाली. बँडवाल्यानं तोंडाला लावलेला क्लॅरिनेट खाली घेतला. दीड वर्षापूर्वी गिळलेलं सगळं एकदम वर आलं होतं, आणि त्यात एकच शब्द होता, “धना!” तो एकदा, पुन्हा, पुन्हा. मी जन्मात असं काही ऐकलं नाही आणि ऐकायची इच्छा नाही.

सुभेदार धावले. “वैनी! अहो, वीरमाता रडत नसती! मंत्रीसाहेब...”

अनसाक्का वळली. तोंड आसवांनी भिजलेलं, पदर पडलेला.

“मी कुठं रडतीया, सुबेदार?” ती म्हणाली. “ही दुश्मनाची बाई रडतीया.”

तीन लढायांत सुभेदारांना असा पेच कुणी टाकला नव्हता. ते वळून समोर बघतात, तर पासष्टची कोंडाबाई सतरंजीवरून उठली होती. ती म्हातारी काठी टेकत भिंतीपाशी आली, तिनं भिंतीला कपाळ लावलं आणि ती सुरू झाली. मागोमाग शेवंताबाई. मग लंकेची सुली, जी बिचारी लग्नानंतर सतरा दिवसांत विधवा झाली होती आणि जिला कुणी वीरपत्नी म्हणायचंही विसरलं होतं. बघता बघता भिंतीखाली बायकांची रांग लागली, आणि इतक्या वर्षांचं गावानं साठवलेलं सगळं रडणं तिथं सांडलं. भिंतीवरची बाई त्यांच्यात मिसळून गेली.

मंत्र्यांच्या खाजगी सचिवानं बँडला खूण केली, “वाजवा! काहीतरी वाजवा!” बँडवाले घाबरलेले. हाताला जे आलं ते त्यांनी वाजवलं, आणि ते निघालं वरातीचं. मंत्री मात्र सवयीनं सावधान उभे राहिले.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटोसह बातमी होती: ‘शत्रूची अवस्था पाहून वीरमातेलाही अश्रू अनावर, भारतीय मातेच्या विशाल अंतःकरणाचे दर्शन.’ पोपटरावांनी ती ग्रामपंचायतीत चौकट करून लावली. सुभेदार त्या दिवसापासून सभागृहाच्या रस्त्यानं जायचे थांबले, मळ्याच्या वाटेनं वळसा घालून जाऊ लागले.

आणि त्या अनावरणाच्या दिवशीच, संध्याकाळी दिवेलागणीला, मी सोप्यात बसलो असताना आतून थप्-थप् आवाज आला. मला आधी ओळखूच आला नाही. दीड वर्षांनी त्या घरात कुणीतरी भाकरी थापत होतं.

पुढे भिंतीची वाट लागायची ती लागलीच. बायका येताजाता तिथं बसू लागल्या, कुणी हळदकुंकू वाहू लागल्या, एकीनं तर त्या चित्रातल्या बाईला खण-नारळ ठेवला. गावाची शिस्त बिघडते, असं समितीचं मत पडलं. महिना झाला नाही तोवर भिंतीला चुना फासला गेला, आणि भिंत कोरी बरी दिसत नाही म्हणून तिच्यावर काहीतरी लोकोपयोगी लिहायचं काम अर्थातच मला मिळालं. चित्र कुणाचंही असो, अक्षर गावात माझंच चांगलं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मी शिडीवर बसून ते लिहीत होतो. दुपारी अनसाक्का फडक्यात भाकरी बांधून आली. खाली भिंतीला पाठ टेकून बसली, बरोबर त्याच डाव्या कोपऱ्यात. भाकरीवर ठेचा ठेवला, मोठा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. चावली आणि गिळली. मी वरून तिच्या घशाकडे बघत होतो. घास सरळ खाली गेला.

“मला वाचता येत न्हाई,” ती म्हणाली. “काय लिवलं ह्या बाईच्या अंगावर?”

मी खाली बघून वाचून दाखवलं. “पाणी अडवा, पाणी जिरवा.”

अनसाक्का हसली. भरल्या तोंडानं हसली, आणि दुसरी भाकरी मोडून अर्धी माझ्यासाठी वर धरली.

“लई जिरवलं, सर,” ती म्हणाली. “उतरा आता, जेवा.”